सोनं होतं, बंदुका मिळाल्या नाहीत : स्पेनच्या प्रजासत्ताकाचा पराभव, १९३६–३९

८ ऑगस्ट १९३६ रोजी समाजवादी नेते इंदालेसिओ प्रिएतो माद्रिदहून रेडिओवर बोलले. लष्करी बंडाला तेव्हा जेमतेम तीन आठवडे झाले होते. प्रिएतोंनी श्रोत्यांपुढे सरळ जमाखर्च मांडला. देशाचं सोनं सरकारकडे, कारखाने सरकारकडे. मग बंडखोर लढणार कशाच्या जोरावर? हिशेबात चूक नव्हती. माद्रिद, बार्सेलोना, वालेन्सिया, बिल्बाओ ही शहरं प्रजासत्ताकाच्या ताब्यात होती. नौदलाचा मोठा भाग आणि, जुनाट का होईना, बहुतेक विमानंही त्याच्याच बाजूला होती. स्पेनचा सोन्याचा साठा तेव्हा जगात चौथ्या क्रमांकाचा मानला जाई. तरीही १ एप्रिल १९३९ला बंडखोरांचा सेनानी फ्रांको याच्या मुख्यालयातून युद्ध संपल्याचं पत्रक निघालं, आणि हा माणूस पुढे नोव्हेंबर १९७५ मध्ये मरेपर्यंत स्पेनवर राज्य करत राहिला.

या पराभवाचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘डावे आपसात भांडत बसले’. हे उत्तर सगळ्यांच्याच सोयीचं आहे. कम्युनिस्टांना अराज्यवाद्यांवर खापर फोडता येतं, अराज्यवाद्यांना कम्युनिस्टांवर, आणि लंडन-पॅरिसच्या मुत्सद्द्यांना हात झटकून मोकळं होता येतं. भांडणं झाली, रक्तही सांडलं. ते पुढे येईलच. पण माझ्या मते क्रम वेगळा लावायला हवा. पहिल्या तीन दिवसांत प्रजासत्ताकाने आपल्या डोळ्यांदेखत आपली यंत्रणा मोडू दिली. ती पुन्हा उभी करायला लागणारी शस्त्रं नंतर त्याला रोख पैसे मोजूनही वेळेवर मिळेनात. भांडणं जीवघेणी झाली ती या टंचाईत.

पार्श्वभूमी थोडक्यात. एप्रिल १९३१च्या नगरपालिका निवडणुकांत शहरांनी राजेशाहीविरुद्ध कौल दिला, राजा तेरावा आल्फोन्सो देश सोडून गेला आणि १४ एप्रिलला प्रजासत्ताक जाहीर झालं. मानुएल आसान्या यांच्या पुढाकाराने नव्या सरकारने एकदमच सगळीकडे हात घातला : चर्चला शिक्षणातून बाजूला सारणं, अधिकाऱ्यांची संख्या कमी करणं, जमीन सुधारणा, कातालोनियाला स्वायत्तता, स्त्रियांना मताधिकार. कायदे झाले, अंमलबजावणी रखडली. जमीनदार दुखावले आणि भूमिहीनांच्या हातीही फारसं काही पडलं नाही. १९३३ला उजवे सत्तेवर आले. १९३४च्या ऑक्टोबरात आस्तुरियासच्या खाणकामगारांचा उठाव चिरडायला मोरोक्कोतलं सैन्य आणलं गेलं, आणि माद्रिदमध्ये बसून त्या कारवाईची सूत्रं हलवणारा सेनाधिकारी होता फ्रांको. फेब्रुवारी १९३६ मध्ये डाव्या-उदारमतवादी आघाडीने निवडणूक जिंकली तेव्हा कोण काय करू शकतं, हे कोणापासून लपलेलं नव्हतं.

तीन पंतप्रधानांची रात्र

सरकारला कटाचा वास नव्हता असं नाही. संशयित सेनापतींच्या बदल्या केल्या होत्या : फ्रांको कॅनरी बेटांवर, गोदेद बालेआरिक बेटांवर, मोला पांप्लोनाला. पण मोलाची बदली झाली ती नेमकी नावारात, जिथे राजेशाहीवादी कार्लिस्टांच्या सशस्त्र टोळ्या कवायत करत होत्या. कट शिजवायला याहून सोयीची जागा दुसरी नव्हती. २३ जूनला फ्रांकोने पंतप्रधान कासारेस किरोगा यांना पत्र लिहिलं : सैन्यात अस्वस्थता आहे, लक्ष द्या. पत्र दुतोंडी होतं. त्यात इशाराही वाचता येतो आणि आपली किंमत सांगून बघणंही. कासारेस यांनी उत्तरच दिलं नाही. त्याला अटकही केली नाही, जवळही केलं नाही.

१७ जुलैच्या दुपारी स्पॅनिश मोरोक्कोतल्या मेलियाच्या छावणीत बंड झालं. कासारेस यांनी मोरोक्कोतल्या सर्वोच्च सेनापतीला, गोमेस मोरातोंना, फोन लावला तेव्हा ते लाराचेच्या कसिनोत होते. मेलियात काय चाललंय, या प्रश्नावर ‘काही नाही, का?’ असं त्यांचं उत्तर होतं. आपल्याच छावणीतल्या बंडाची बातमी त्यांना पंतप्रधानांकडून कळली. ते विमानाने मेलियाला गेले आणि उतरताच पकडले गेले.

१८ तारखेचा पूर्ण दिवस माद्रिदच्या रस्त्यांवर कामगार संघटनांची एकच मागणी होती, शस्त्रं द्या. कासारेस यांनी नकार दिला. नकारामागे भीती होती आणि ती अगदीच खोटी नव्हती. संघटनांच्या हाती एकदा बंदुका गेल्या की राज्य आपलं राहणार नाही, हे ते जाणून होते. पण सैन्य उलटलं होतं, आणि बंदूक कोणाकडेच द्यायची नाही असं ठरवलं तर ती बंडखोरांकडेच राहणार होती. त्या रात्री कासारेस यांनी राजीनामा दिला. मार्तीनेस बारिओ पंतप्रधान झाले आणि त्यांनी मोलाला फोन करून तडजोडीचा प्रयत्न केला. मोलाचं म्हणणं असं की आता उशीर झाला आहे. तुम्हालाही तुमची माणसं आवरणार नाहीत, मलाही माझी. सकाळपर्यंत तेही सरकार गेलं. १९ जुलैला पंतप्रधान झालेले होसे हिराल हे पेशाने रसायनशास्त्राचे प्राध्यापक. शस्त्रं वाटण्याचा हुकूम अखेर त्यांनी काढला.

शस्त्रागारांतून हजारो रायफली बाहेर आल्या, पण त्यातल्या बहुतेक निव्वळ लाकूड आणि नळी होत्या. त्यांचे बोल्ट सुरक्षेसाठी वेगळे काढून मोंतान्या बराकीत ठेवलेले, आणि त्या बराकीत बंडखोर अधिकारी दारं लावून बसलेले. २० जुलैला जमावाने आणि सरकारनिष्ठ पोलिसांनी ती बराक तोफा लावून घेतली. आत जे हत्याकांड झालं त्याची छायाचित्रं आजही उपलब्ध आहेत. अठ्ठेचाळीस तास आधी हेच काम शिस्तीत, सरकारी हुकुमाने करता आलं असतं.

देशभरातल्या शहरांचा त्या दोन-तीन दिवसांतला हिशेब मांडला तर एक गोष्ट डोळ्यांत भरते. बार्सेलोनात सिव्हिल गार्ड या निमलष्करी पोलीस दलाचे जनरल आरांगुरेन सरकारशी एकनिष्ठ राहिले, अराज्यवादी कामगार रस्त्यावर उतरले आणि बंड दीड दिवसात मोडलं. सारागोसा हा तर अराज्यवाद्यांचा बालेकिल्ला. पण तिथे नेते बोलणी करत राहिले आणि शहर हातचं गेलं. ओविएदोत कर्नल आरांदाने कहरच केला. आपण प्रजासत्ताकाचेच, असं सांगत त्याने खाणकामगारांच्या तुकड्यांना माद्रिदच्या मदतीला रवाना केलं, आणि ते लांब गेल्यावर शहर बंडखोरांच्या झोळीत टाकलं. जिथे कोणीतरी पहिल्या काही तासांत निर्णय घेतला तिथे प्रजासत्ताक टिकलं, मग निर्णय घेणारा पोलिसातला असो की कामगारांतला. बंड म्हणून हा कट फसला होता, निम्म्याहून जास्त देश त्याच्या हाती आला नव्हता. त्याला युद्धाचं रूप यायला बाहेरून काहीतरी यावं लागलं.

मोरोक्को

बंडखोरांकडचं खरं लढाऊ सैन्य मोरोक्कोत होतं : परदेशी लीजन आणि स्थानिक शिपायांच्या ‘रेगुलारेस’ पलटणी, मिळून तीस हजारांच्या वर. मुख्य भूमीवरचे शिपाई म्हणजे सक्तीने भरती झालेली, रजेची वाट बघणारी पोरं. आफ्रिकेतले शिपाई युद्धात मुरलेले. मध्ये जिब्राल्टरची सामुद्रधुनी होती आणि जहाजांवरच्या खलाशांनी आपल्या बंडखोर अधिकाऱ्यांना कैद करून ती रोखून धरली होती. माद्रिदजवळच्या नौदलाच्या बिनतारी केंद्रात बेंजामिन बाल्बोआ नावाच्या कनिष्ठ कर्मचाऱ्याने बंडाचा संदेश पुढे पाठवण्याऐवजी जहाजांवरच्या साध्या कर्मचाऱ्यांना सावध केलं, म्हणून हे घडलं. एका तारायंत्रवाल्याने त्या दिवशी मंत्रिमंडळापेक्षा मोठं काम केलं, असं म्हटलं तर वावगं होणार नाही.

आता इथे आपल्यासारख्या, वसाहत म्हणून राहिलेल्या देशातल्या वाचकाला जो प्रश्न लगेच पडेल तो त्या काळच्या प्रजासत्ताकवाद्यांना पडला नाही, किंवा पडूनही त्यांनी बाजूला ठेवला. १९३१ ते १९३६ या पाच वर्षांत त्यांनी मोरोक्कोला काय दिलं? जवळजवळ काही नाही. रीफच्या डोंगरांत १९२०च्या दशकात स्पॅनिश सैन्याने विषारी वायू वापरला होता, ती आठवण ताजी होती. दुष्काळ आणि बेकारी होती. फ्रांकोचे भरती अधिकारी पगार आणि धान्य घेऊन आले तेव्हा तरुण रांगेत उभे राहिले. युद्धभरात साठ हजारांहून अधिक मोरोक्कन त्याच्या बाजूने लढले. सप्टेंबर १९३६ मध्ये मोरोक्कोचे राष्ट्रवादी प्रतिनिधी बार्सेलोनाला आले होते. स्वायत्ततेचं वचन द्या, फ्रांकोच्या पिछाडीला आम्ही उठाव करू, असा त्यांचा प्रस्ताव. कातालोनियातल्या समितीने तो उचलून धरला. माद्रिदच्या सरकारने फेटाळला, कारण स्पॅनिश मोरोक्कोला काही दिलं तर शेजारच्या फ्रेंच मोरोक्कोत वणवा लागेल आणि पॅरिस नाराज होईल. ज्या पॅरिसच्या मर्जीसाठी हे केलं त्याने बदल्यात काय दिलं ते पुढे पाहू. घरात लोकशाही आणि वसाहतीत जुनाच कारभार, ही विसंगती प्रजासत्ताकाला अशी महागात पडली.

समुद्र बंद, मग सैन्य आलं हवेतून. २५ जुलैच्या रात्री बायरॉइटला ऑपेरा बघून परतलेल्या हिटलरला फ्रांकोचे दूत भेटले आणि त्याने युंकर्स-५२ विमानं द्यायचं ठरवलं. मुसोलिनीनेही बॉम्बफेकी विमानं पाठवली. ऑक्टोबरपर्यंत जर्मन विमानांनी तेरा हजारांवर सैनिक सामुद्रधुनीपलीकडे उतरवले. इतक्या मोठ्या प्रमाणावर हवाई मार्गाने सैन्य हलवण्याची ही पहिलीच वेळ. ऑगस्टच्या सुरुवातीला सेवियाहून निघालेल्या तुकड्या ३ सप्टेंबरला माद्रिदच्या वाटेवरच्या तालावेरात होत्या, सुमारे पाचशे किलोमीटर, वाटेत बादाहोसची कत्तल करून. समोर होते खांद्यावर बंदूक टाकून आलेले गवंडी, खाणकामगार, शेतमजूर. हिमतीला तोटा नव्हता, पण उघड्या मैदानात बगलेवरून हल्ला आला की काय करायचं हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

‘हस्तक्षेप नको’ म्हणजे काय

हिराल यांनी पंतप्रधान झाल्याबरोबर पॅरिसला तार करून विमानं आणि शस्त्रं मागितली. फ्रान्समध्ये समाजवादी लेआँ ब्लूम यांचं, स्पेनसारख्याच आघाडीचं सरकार होतं. ब्लूम आधी हो म्हणाले. मग लंडनचा कल दिसला, स्वतःच्या मंत्रिमंडळात फूट पडली, फ्रान्समध्येही असंच काही पेटेल अशी भीती वाटली. ८ ऑगस्टला सरहद्द शस्त्रांसाठी बंद झाली. ऑगस्टअखेर सत्तावीस देश ‘हस्तक्षेप न करण्या’च्या करारात आले. त्यात जर्मनी, इटली आणि पोर्तुगाल होते; स्पेनचं सरकार नव्हतं. लंडनमधल्या समितीची पहिली बैठक ९ सप्टेंबरला झाली तेव्हा जर्मन आणि इटालियन विमानं स्पेनवर उडतच होती.

आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार निवडून आलेल्या सरकारला शस्त्रं विकत घेण्याचा हक्क होता आणि बंडखोरांना नव्हता. कराराने दोघांना एकाच तागडीत बसवलं. अमेरिकेने जानेवारी १९३७ मध्ये शस्त्रबंदी घातली, पण तेल त्यात बसत नव्हतं. टेक्साको कंपनीने फ्रांकोला तेल दिलं, तेही उधारीवर, जी अमेरिकी कायद्यालाच मान्य नव्हती. पोर्तुगालमध्ये सालाझार होता, तोच सालाझार ज्याची राजवट तेव्हा गोव्यावरही होती. त्याने बंदरं, रस्ते आणि पाठिंबा फ्रांकोला मोकळे केले. स्पेनमध्ये प्रजासत्ताक टिकलं तर आपली खुर्ची हलेल, हे त्याचं गणित पक्कं होतं.

प्रजासत्ताकाच्या वाट्याला आला काळा बाजार. पॅरिसमध्ये माद्रिदचे, कातालोनियाचे आणि बास्क सरकारचे खरेदीदार वेगवेगळे हिंडत, एकाच मालावर एकमेकांपुढे बोली लावत. दलाल आगाऊ पैसे घेऊन गायब होत. पोलंडसारख्या देशांनी भंगारात निघालेली शस्त्रं चढ्या भावाने गळ्यात मारली. एकाच ब्रिगेडमध्ये ७ मिमीची स्पॅनिश माउझर, ७.६२ची रशियन मोसिन आणि ८ मिमीची जुनी फ्रेंच लेबेल अशी सरमिसळ झाली, तर रात्री आघाडीवर दारूगोळा पोचवणाऱ्याची काय तारांबळ उडत असेल ती कल्पना करावी. पेटी पोचली तरी ती चालेलच असं नाही. अपवाद मेक्सिकोचा. अध्यक्ष कार्देनास यांनी वीस हजार रायफली आणि दोन कोटी काडतुसं उघडपणे पाठवली.

राहिला सोव्हिएत संघ. ऑक्टोबर १९३६ मध्ये कार्ताहेना बंदरातून ५१० टन सोनं ओडेसाला रवाना झालं, एकूण साठ्याचा जवळजवळ पाऊण भाग. बाकीच्यातलं बरंचसं फ्रान्सला विकलं गेलं. या ‘मॉस्कोच्या सोन्या’वरून फ्रांकोवाद्यांनी पुढची चाळीस वर्षं रान उठवलं. पण दुसरा विक्रेता होता कुठे? टी-२६ रणगाडे आणि ‘मोस्का’ म्हणून ओळखली जाणारी आय-१६ विमानं आली नसती तर माद्रिद नोव्हेंबरातच पडलं असतं. या व्यवहाराची किंमत मात्र दोन प्रकारे मोजावी लागली. भाव मॉस्को ठरवेल तो, आणि शस्त्रांबरोबर सल्लागार आणि गुप्त पोलीसही आले.

फ्रांकोला उधारी होती, तीही नियमित. इटलीहून युद्धभरात सत्तर हजारांहून अधिक सैनिक आले. कोंडोर लीजन या जर्मन हवाई दलाच्या तुकडीची माणसं पाळीपाळीने येत, सराव करून परत जात. तुकडीचं नुकसान झालं की बदली विमान येणार हे ठरलेलं असे. प्रजासत्ताकाची रसद भरती-ओहोटीसारखी : रशियन जहाज आलं तर चढाई, नाही आलं तर खंदक. ज्याला पुढच्या महिन्यात काय हाताशी असेल ते ठाऊक नाही तो लांबचा बेत आखणार कसा?

हे बदलता येत नव्हतं असं मात्र नाही. १९३७च्या उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात ‘अज्ञात’ पाणबुड्या व्यापारी जहाजं बुडवू लागल्या. त्या इटलीच्या आहेत हे सगळ्यांना माहीत होतं. सप्टेंबरात नियोन परिषदेत ब्रिटन आणि फ्रान्सने गस्त घालून अशा पाणबुड्या बुडवण्याचं ठरवलं, आणि हल्ले थंडावले. मुसोलिनी डोळे वटारले की मागे सरतो, हे त्या एका महिन्यात सिद्ध झालं होतं. त्यावरून बोध घ्यायचा नाही असं लंडनने ठरवलं.

पिछाडीला दोन राज्यं

शस्त्रं रस्त्यावर आल्यावर राज्य विरघळलं, ही कासारेस यांची भीती खरी ठरली. बार्सेलोनात कातालोनियाचे अध्यक्ष कुंपान्स आपल्या पदावर होते, पण हुकूम चाले मिलिशियांच्या, म्हणजे पक्ष-संघटनांच्या सशस्त्र दलांच्या, समितीचा. आरागॉनमध्ये अराज्यवाद्यांनी गावंच्या गावं सामुदायिक शेतीत आणली, काही ठिकाणी खुशीने, काही ठिकाणी बंदुकीच्या धाकाने. पहिल्या काही महिन्यांत पाद्री आणि नन मिळून जवळपास सहा हजार आठशे माणसं मारली गेली. फ्रांकोच्या प्रदेशातल्या हत्या संख्येने याहून कितीतरी जास्त आणि वरच्या हुकुमाने होत होत्या, पण जळती चर्चं ब्रिटिश वर्तमानपत्रांत झळकली, आणि मदत नाकारायला निमित्त शोधणाऱ्यांना ती पुरली.

‘आधी क्रांती की आधी युद्ध’ हा वाद इथलाच. अराज्यवादी आणि पोउम हा छोटा मार्क्सवादी पक्ष म्हणत, क्रांती सोडली तर शेतमजूर लढेल कशासाठी? कम्युनिस्ट आणि प्रिएतोंसारखे समाजवादी म्हणत, फौज नसेल तर क्रांती जगेल कशी? दोन्ही प्रश्न खरे होते. लार्गो काबायेरो सप्टेंबर १९३६ मध्ये पंतप्रधान झाले, नोव्हेंबरात चार अराज्यवादी मंत्री झाले (सरकारच नको म्हणणारे सरकारात बसले, हे त्यांच्या अनुयायांच्या घशाखाली उतरलं नाही), मिलिशियांच्या ‘मिश्र ब्रिगेड’ बनू लागल्या. माद्रिदच्या लढाईत जनरल मियाखा आणि त्यांचे चीफ ऑफ स्टाफ विसेंते रोहो यांनी शहर वाचवलं, तेव्हा एकसंध फौज होऊ शकते हे दिसलंही होतं.

मे १९३७ मध्ये बार्सेलोनाच्या टेलिफोन एक्स्चेंजवरून सगळं फुटलं. इमारत अराज्यवादी कामगारांच्या ताब्यात. सरकारी फोनही ते ऐकत, कधी मध्येच तोडत. युद्ध चालू असताना राष्ट्राध्यक्षाचा फोन कोणी ऑपरेटर तोडू शकतो, ही स्थिती कोणतंही सरकार फार काळ सोसणार नाही. ३ मेला पोलिसांनी इमारत घ्यायचा प्रयत्न केला आणि शहरात पाच-सहा दिवस बॅरिकेडवरून गोळीबार चालला. शेकडो मेले. पोउमचा नेता आंद्रेउ निन याला जूनमध्ये पकडून सोव्हिएत गुप्तहेरांच्या देखरेखीत मारण्यात आलं. सरकारला हवी ती शिस्त मिळाली, पण कातालोनियातल्या कामगाराचा जीव त्या युद्धातून उडाला. माझं मत विचाराल तर एक्स्चेंज ताब्यात घेणं रास्त होतं, निनचा खून हा गुन्हा होता आणि मूर्खपणाही.

फ्रांकोकडे भांडणं नव्हती का? होती. फलांज या फॅसिस्ट पक्षाच्या लोकांना राजा नको, कार्लिस्टांना हवा, तोही स्वतःच्या शाखेचा. चर्चला फलांजचा पुंडपणा नको. नशिबानेही त्याला साथ दिली : बंडाचा नियोजित प्रमुख सान्हुर्हो २० जुलैलाच विमान अपघातात गेला, फलांजचा संस्थापक होसे आंतोनिओ प्रजासत्ताकाच्या तुरुंगात होता आणि नोव्हेंबरात त्याला गोळ्या घातल्या गेल्या, मोला जून १९३७ मध्ये विमानासकट कोसळला. पण नशिबाने जागा मोकळी होते, ती भरावी लागते. १९ एप्रिल १९३७ला फ्रांकोने एका फर्मानाने फलांज आणि कार्लिस्ट यांना एकाच पक्षात कोंबलं, आणि कुरकुर करणारा फलांजचा नेता एदिया याला तुरुंगात टाकलं. त्याला हे जमलं कारण बर्लिन आणि रोमहून येणारी रसद त्याच्या एकट्याच्या हातून वाटली जात होती. कोठाराची किल्ली ज्याच्याकडे, त्याच्यापुढे बाकीचे किती वेळ ताठ उभे राहणार?

उत्तर पडलं, मग नदी

१९३७ मध्ये युद्धाचा तोल गेला तो उत्तरेत. बास्क प्रदेश, सांतांदेर, आस्तुरियास ही लोखंड-कोळशाची पट्टी बाकी प्रजासत्ताकापासून तुटलेली होती आणि आपसातही तुटकच वागत होती. २६ एप्रिलला गेर्निका हे बास्क गाव बॉम्बफेकीत बेचिराख झालं. बिल्बाओभोवतीच्या तटबंदीचे नकाशे तर ती आखणाऱ्या इंजिनियरांपैकी एक, गोइकोएचेआ, स्वतःच घेऊन शत्रूला जाऊन मिळाला होता. (हाच माणूस पुढे स्पेनच्या प्रसिद्ध ताल्गो रेल्वेचा जनक झाला.) १९ जूनला बिल्बाओ, ऑगस्टात सांतांदेर, ऑक्टोबरात हिहोन. कारखाने शाबूत फ्रांकोच्या हाती गेले. प्रिएतोंच्या ऑगस्टच्या भाषणातली अर्धी जमेची बाजू त्या वर्षी खर्चात गेली.

रोहो हा त्या युद्धातला सर्वांत हुशार योजनाकार, असं मला वाटतं. तरी ब्रुनेते, बेलचिते, तेरुएल आणि एब्रो या चारही चढायांचा साचा सारखाच आहे. अनपेक्षित जागी हल्ला, पहिल्या दोन दिवसांत मुसंडी, मग एखाद्या गावापाशी अडून बसणं, आणि शेवटी फ्रांकोच्या तोफा आणि विमानांपुढे महिनाभर झिजणं. कारण साधं होतं. मोठ्या योजना आखणारे मूठभर होते, पण पन्नास-शंभर माणसांना घेऊन स्वतःच्या अकलेने पुढे जाणारे कनिष्ठ अधिकारी नव्हते. फ्रांकोने शिकलेल्या तरुणांना काही आठवड्यांचे वर्ग देऊन सुमारे एकोणतीस हजार हंगामी अधिकारी तयार केले. प्रजासत्ताकानेही शाळा काढल्या, पण तिथे पक्षनिष्ठेचा प्रश्न पाठ सोडत नसे.

एब्रोची लढाई जवळून बघण्यासारखी आहे. २५ जुलै १९३८च्या पहाटे, होड्या आणि तरंगत्या पुलांवरून प्रजासत्ताकाचं सैन्य नदी ओलांडून गेलं. एप्रिलमध्ये फ्रांको विनारोसपाशी समुद्राला भिडल्यामुळे प्रजासत्ताकाचे दोन तुकडे झाले होते, ते पुन्हा सांधायचे होते. सैन्यात सतरा वर्षांची भरती झालेली मुलं होती. गांदेसा गाव समोर दिसत होतं आणि ते पडलं नाही. फ्रांकोच्या बाजूने वरच्या अंगाच्या धरणांचे दरवाजे उघडले, पुराने पूल वाहून गेले, आणि जड तोफा, रणगाडे पलीकडच्या तीरावरच अडकले. मग खडकाळ डोंगरांत, जिथे खंदक खणायला माती नाही, ते साडेतीन महिने टिकून राहिले. तिथे प्रजासत्ताकाने आपलं उरलंसुरलं सगळं लावलं.

पोटाचाही प्रश्न होता. शहरं प्रजासत्ताकाकडे असणं ही पहिल्या दिवशी जमेची बाजू. दुसऱ्या हिवाळ्यात तीच खर्चाची झाली, कारण गव्हाचा प्रदेश फ्रांकोकडे आणि निर्वासित मात्र शहरांकडे. माद्रिदमध्ये मसूर हेच जेवण. लोक तिला पंतप्रधान डॉ. नेग्रीन यांच्या गोळ्या म्हणत. १९३८च्या शरदात फ्रांकोच्या विमानांनी माद्रिदवर बॉम्बऐवजी पाव टाकले.

त्याच वर्षी जूनमध्ये पंडित नेहरू कृष्ण मेनन यांच्यासह बार्सेलोनाला जाऊन आले. भारतातून मदत गोळा होत होती. डॉ. मदन अटल स्पेनमध्ये जखमींची सेवा करून परतले आणि काही महिन्यांत चीनला निघालेल्या वैद्यकीय पथकाचे प्रमुख झाले, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर त्याच पथकात होते. कोटणिसांची कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे, तिच्या मागच्या पानावर स्पेन आहे हे सहसा सांगितलं जात नाही.

नेग्रीन यांचा डाव आणि कासादोचा

मे १९३७पासून पंतप्रधान असलेले हुआन नेग्रीन शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचा डाव एका वाक्यात सांगता येतो : युरोपात महायुद्ध पेटेपर्यंत तग धरायचा, मग ब्रिटन-फ्रान्सला आपली गरज लागेलच. मे १९३८ मध्ये त्यांनी तेरा कलमी शांतता-प्रस्तावही मांडला. पण ३० सप्टेंबरला म्युनिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाचा लचका हिटलरला तोडून देण्यात आला, आणि ज्यांच्यासाठी तग धरायचा ते लढणारच नाहीत हे एब्रोच्या खंदकातल्या शिपायालाही कळलं. २६ जानेवारी १९३९ला बार्सेलोना पडलं. साडेचार-पाच लाख माणसं बर्फातून फ्रान्सच्या हद्दीकडे चालत गेली. २७ फेब्रुवारीला ब्रिटन आणि फ्रान्सने फ्रांकोला मान्यता दिली.

माद्रिद-वालेन्सियाचा मध्य भाग तरीही उरला होता. ५ मार्चला माद्रिदचा कर्नल कासादो नेग्रीन यांच्याविरुद्ध उठला. सैनिकाने सैनिकाशी बोलावं, कम्युनिस्ट बाजूला झाले की फ्रांको अटी देईल, असं त्याला वाटत होतं. त्याच्यासोबत गेले समाजवादी नेते हुलियान बेस्तेइरो, तर्कशास्त्राचे प्राध्यापक. माद्रिदच्या रस्त्यांवर प्रजासत्ताकाच्याच दोन फौजा काही दिवस लढल्या. फ्रांकोने उत्तर दिलं, बिनशर्त शरणागती. ते ऐकून आश्चर्य वाटायचं कारण नव्हतं. फेब्रुवारीतच त्याने ‘राजकीय जबाबदारी’चा कायदा काढला होता आणि तो ऑक्टोबर १९३४पासून मागे जाऊन लागू होणार होता. म्हणजे बंडाच्या पावणेदोन वर्षं आधीच्या वर्तनालाही शिक्षा. असा कायदा काढणारा माणूस तडजोड करणार नाही हे समजायला तर्कशास्त्राची पदवी लागत नाही.

महायुद्ध १ सप्टेंबरला सुरू झालं, माद्रिद पडल्यावर पाच महिन्यांनी. म्हणून नेग्रीन बरोबर होते असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. कातालोनिया गेल्यावर, अन्न, शस्त्रं आणि सरहद्द यांतलं काहीच हाती नसताना, ते पाच महिने निघाले नसते. कासादोच्या उठावाने युद्ध हरवलं नाही, हरवली ती शिस्तीत माघार घेण्याची शक्यता. ५ मार्चलाच कार्ताहेनातल्या गोंधळात नौदल बंदर सोडून निघालं आणि ट्युनिशियातल्या बिझर्तला गेलं. माणसं बाहेर काढता आली असती ती जहाजं तीच होती. महिनाअखेरीला अलिकांतेच्या धक्क्यावर हजारो लोक येणार नसलेल्या बोटींची वाट बघत थांबले. ‘स्टॅनब्रुक’ नावाचं एक ब्रिटिश मालवाहू जहाज अडीच हजारांहून अधिक माणसं कोंबून ओरानला पोचलं, बाकीच्यांना ३० मार्चला इटालियन तुकड्यांनी घेरलं. कासादो त्याच सुमारास गांदियाहून ब्रिटिश युद्धनौकेने निघून गेला. बेस्तेइरो माद्रिदमध्येच थांबले. त्यांना तीस वर्षांची शिक्षा झाली आणि सप्टेंबर १९४० मध्ये कार्मोनाच्या तुरुंगात ते वारले.